सेवेची मुदत आणि गावाची गरज

सुशिक्षित तरुणांनी आयुष्यातील काही काळ राष्ट्राच्या उभारणीसाठी द्यावा, शासनाने अथवा एखाद्या संस्थेने त्यांची निवड करून त्यांना जुजबी प्रशिक्षण द्यावे, आणि जेथे शिक्षक नाही, वैद्य नाही, हिशेबाची वही धड ठेवील असा कारकूनही नाही, अशा ठिकाणी त्यांना ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर पाठवावे, या कल्पनेने विसाव्या शतकात जगातील कितीतरी देशांना मोहिनी घातली. लोकशाही राष्ट्रांनी ती उचलली, तशी राजांनी आणि लष्करशहांनीही उचलली; कोणी तिला सेवा म्हटले, कोणी क्रांती, कोणी राष्ट्रीय ऐक्याचे साधन. परंतु या योजनांचे गुणदोष जेव्हा जेव्हा तपासले गेले, तेव्हा ते बहुधा जाणाऱ्या तरुणाच्या बाजूने तपासले गेले: त्याची दृष्टी किती विशाल झाली, त्याला देशाची ओळख किती पटली, त्याच्या अंगी स्वावलंबन किती बाणले. ज्या गावी तो राहिला त्या गावाच्या पदरात, त्याची मुदत संपल्यावर काय उरले, हा प्रश्न त्या मानाने फार थोड्यांनी विचारला. प्रस्तुत आढावा त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने घेतला आहे. कारण समाजाचा विकास हा ज्या योजनेचा घोषित हेतू आहे, तिची किंमत त्या समाजाच्या पदरी पडलेल्या मापानेच ठरविली पाहिजे.

आपल्याकडे या विचाराचा उगम शोधू गेल्यास पुण्याकडे वळावे लागते. १२ जून १९०५ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी तीन सहकाऱ्यांसह भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा सार्वजनिक कार्य हे फुरसतीच्या वेळेचे भूषण न राहता शिक्षण घेऊन पत्करावयाचे जीवनकार्य व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे, त्यांतील काही काळ देशभर हिंडून लोकस्थिती डोळ्यांनी पाहावी लागे, आणि पुढे आजन्म बेताच्या वेतनावर निर्वाह करावा लागे. सभासद कधीच फार नव्हते. परंतु मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ मध्ये समाजात दाखल झालेले अमृतलाल ठक्कर पुढे पंचमहालातील दुष्काळाच्या कामाला गेले, तेथील भिल्लांचे हाल पाहून दाहोद येथे त्यांनी भिल्ल सेवा मंडळ स्थापिले आणि ‘ठक्करबाप्पा’ या नावाने आदिवासींच्या सेवेत उभे आयुष्य वेचले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत वाचनालये व रात्रशाळा चालविता चालविता ते कामगार चळवळीचे अध्वर्यू झाले. गोखल्यांच्या योजनेत मुदत आयुष्यभराची होती म्हणून तिचे फळ टिकले, असे म्हणणे अर्धे खरे आहे. सेवकाने जेथे पाय रोवला तेथे स्थानिक माणसांची संस्था उभी राहिली, हे त्या फळाचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण होय.

याच सुमारास युरोपात एक निराळा प्रवाह सुरू झाला. पियेर सेरेसोल या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका बेचिराख खेड्यात निरनिराळ्या राष्ट्रांतील मूठभर स्वयंसेवक गोळा केले आणि त्यांत कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनांनाही सामील करून घेऊन घरे उभारण्याचे काम आरंभिले. सैन्यात ज्या शिस्तीने माणसे मरण्यासाठी पाठविली जातात त्याच शिस्तीने ती उभारणीसाठी का पाठवू नयेत, हा त्यामागचा विचार होता. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल काही सहकाऱ्यांना घेऊन मुझफ्फरपूर भागात आले आणि पुराच्या पाण्याखाली जाणारी खेडी उंच जागी नव्याने वसविण्याच्या कामात स्थानिक मजुरांच्या खांद्याला खांदा लावून राबले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली बिहारच्या लोकांची मदत समिती आधीच उभी होती. परदेशी पाहुण्यांना काम नेमून देणारे हात बिहारचे होते. मदतीला आलेल्या माणसाने यजमानाच्या व्यवस्थेत सामील व्हावे, हा धडा या आरंभीच्याच प्रयोगात स्वच्छ दिसतो. पुढे मात्र त्याचा वारंवार विसर पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या, तसतसा स्वयंसेवक पाठविण्याचा हा व्यवहार राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहार झाला. १९५१ पासून ऑस्ट्रेलियातील काही पदवीधर इंडोनेशियाच्या सरकारी खात्यांत काम करण्यास जाऊ लागले, ते इंडोनेशियन नोकरांच्याच वेतनश्रेणीवर आणि त्यांच्यासारख्याच राहणीत. गोऱ्या तज्ज्ञाचा बंगला, मोटार आणि नोकरचाकर यांची सवय झालेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. १९५८ मध्ये अलेक डिक्सन यांनी ब्रिटनमधून परदेशी स्वयंसेवा संस्थेद्वारे शाळा संपविलेले अठरा वर्षांचे तरुण बाहेर धाडण्यास प्रारंभ केला. थोड्याच वर्षांत लक्षात आले, की यजमान देशांना उत्साही मुलांपेक्षा कसब असलेली माणसे हवी आहेत, आणि संस्थेची निवड क्रमाक्रमाने अनुभवी व्यावसायिकांकडे वळली. १ मार्च १९६१ रोजी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी पीस कोअर हे स्वयंसेवक दल स्थापन केले. जपानने १९६५ मध्ये आपली तुकडी उभी केली. आणि १९७० च्या ठरावानुसार पुढील वर्षापासून संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे, की श्रीमंत देशांनी द्यावे आणि गरिबांनी घ्यावे ही वाट सोडून आफ्रिकेचा वैद्य आशियात आणि आशियाचा अभियंता आफ्रिकेत, असा व्यवहार त्याने शक्य केला.

भारतात पीस कोअरची पहिली तुकडी डिसेंबर १९६१ मध्ये पंजाबात रुजू झाली आणि १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक अमेरिकन स्वयंसेवक या देशात राहून गेले. शेती, शाळा, पोषण, कुटुंबनियोजन आणि विशेषतः कुक्कुटपालन ही त्यांची क्षेत्रे. कुक्कुटपालनाचे उदाहरण बोधप्रद आहे. पिंजरे कसे करावेत आणि अंडी देणाऱ्या जातिवंत कोंबड्या कशा जोपासाव्यात हे कोणीही होतकरू तरुण काही महिन्यांत शिकू आणि शिकवू शकतो. परंतु उबवणी केंद्रातून पिले वेळेवर मिळणे, मानमोडीची लस तालुक्याच्या ठिकाणी शीतपेटीत शाबूत असणे, खाद्याचा भाव आणि अंड्यांचा भाव यांत दोन पैशांची तफावत राहणे, आणि शहरातला व्यापारी दर आठवड्यास गाडी घेऊन दारी येणे, या गोष्टी एका माणसाच्या उत्साहाच्या कक्षेत येत नाहीत. जेथे त्या होत्या तेथे पेरलेले उगवणे शक्य होते; जेथे नव्हत्या तेथे स्वयंसेवकाची मुदत हीच त्या धंद्याची मुदत ठरण्याचा धोका होता.

याच योजनेतून १९६६ मध्ये मुंबईलगतच्या विक्रोळीत अडुसष्ट वर्षांच्या एक परिचारिका आल्या. लिलियन कार्टर त्यांचे नाव. दहा वर्षांनी त्यांचे पुत्र अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले म्हणून ते जगाला ठाऊक झाले. गोदरेजच्या कामगार वसाहतीत कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी त्यांची नेमणूक झाली होती, परंतु त्यांचे मन रमले ते दवाखान्यात, जेथे कुष्ठरोग्यांसह नाना व्याधींची माणसे दररोज रांग लावीत. एकवीस महिने त्या तेथे राहिल्या. नेमून दिलेले काम आणि गरजेचे काम यांत अंतर पडले, तेव्हा त्यांनी गरजेची बाजू घेतली, हे त्यांच्या शहाणपणाचे द्योतक. पण त्यांना तसे करता आले याचे श्रेय त्या वसाहतीत आधीपासून दवाखाना, डॉक्टर आणि औषधांची तजवीज होती या वस्तुस्थितीलाही द्यावयास हवे. एकाकी खेड्यात त्याच बाई गेल्या असत्या, तर त्यांच्या करुणेला हातपाय फुटले नसते.

परदेशी स्वयंसेवेवरील सर्वांत कठोर टीका १९६८ मध्ये मेक्सिकोत झाली. इव्हान इलिच या धर्मोपदेशक विचारवंताने उन्हाळी सुटीत मेक्सिकन खेड्यांत सेवा करण्यास निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्याच सभेत त्यांना बजावले, की तुमच्या सद्हेतूंचा या गरिबांना उपयोग नाही. ज्यांची भाषा तुम्हांस येत नाही आणि जे तुम्हांस नको म्हणूही शकत नाहीत, त्यांच्यावर तुम्ही स्वतःला लादत आहात. ही टीका अतिरेकी वाटेल, परंतु तिच्यातील एक मुद्दा अबाधित आहे. जो नकार देऊ शकत नाही त्याच्या होकाराला अर्थ नसतो. म्हणून ज्या योजनेत गावाला ‘हा माणूस आम्हांस नको’ असे सांगण्याचा हक्क नाही, तिला सेवा म्हणताना विचार केला पाहिजे.

परदेशातून माणसे आणण्याऐवजी आपल्याच पदवीधरांना कायद्याने खेड्यांत पाठविण्याचा मार्ग अनेक देशांनी धरला. मेक्सिकोने १९३६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना पदवीपूर्वी समाजसेवेचा काळ सक्तीचा केला. १९६१ मध्ये क्युबाने सुमारे एक लाख शाळकरी मुलामुलींना खेडोपाडी धाडून वर्षाच्या आत सुमारे सात लाख प्रौढांना साक्षर केले. इराणने १९६३ पासून लष्करी सेवेच्या बदल्यात शिकलेल्या तरुणांना खेड्यांत शिकविण्यास तैनात केले. इथिओपियाच्या विद्यापीठाने १९६४ पासून प्रत्येक विद्यार्थ्यास शिक्षणक्रमातील एक वर्ष प्रांतोप्रांती, बहुधा शिक्षक म्हणून, घालविण्याचा नियम केला. यांतील दीर्घायुषी ठरलेल्यांपैकी एक म्हणजे नायजेरियाची योजना. सुमारे अडीच वर्षे चाललेल्या रक्तरंजित यादवीनंतर, २२ मे १९७३ रोजी, जनरल गोवन यांच्या सरकारने राष्ट्रीय युवक सेवा दल स्थापिले, आणि तीस वर्षांखालील प्रत्येक पदवीधराने स्वतःच्या राज्याबाहेर एक वर्ष सेवा करावी असा हुकूम काढला. योरुबा मुलाने हौसांच्या गावात शिकवावे, इग्बो मुलीने योरुबांच्या रुग्णालयात काम करावे, आणि अशा सहवासातून राष्ट्र सांधले जावे, ही दृष्टी उदात्त होती आणि पुष्कळ अंशी फलद्रूपही झाली. पण त्याच योजनेची दुसरी बाजू तेथील लोक तितक्याच कळकळीने सांगतात: दरवर्षी नवा तरुण फुकटात मिळतो म्हटल्यावर राज्य सरकारे आणि खासगी मालक कायम शिक्षक नेमण्याचे टाळू लागले, आणि २०११ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत उसळलेल्या दंगलीत निवडणुकीच्या कामावर असलेल्या दहा तरुण सेवकांचे प्राण गेले, तेव्हा परक्या मुलखात पाठविलेल्या मुलांच्या जीविताची जोखीम कोणाची, हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला.

शेजारच्या नेपाळचा अनुभव निराळ्या कारणाने मननीय आहे. १९७० च्या दशकात त्रिभुवन विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना डोंगराळ खेड्यांत एक वर्ष राष्ट्रीय विकास सेवा करावी लागे. ही मुले शाळांत शिकवीत, पायवाटा आणि पाण्याचे नळ यांच्या कामात गावकऱ्यांबरोबर राबत, आणि संध्याकाळी त्यांच्याशी बोलत. त्या बोलण्यातून राज्यकारभाराविषयीचे प्रश्नही निघू लागले, आणि १९७९ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर लवकरच ही योजना गुंडाळण्यात आली. विकासासाठी सुशिक्षितांना खेड्यात पाठविणाऱ्या राज्यकर्त्यांनी हे गृहीत धरलेच पाहिजे, की खेडे पाहून आलेला तरुण गप्प बसणार नाही. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी अशी योजना आरंभू नये.

स्वतंत्र भारताने या विषयाचा विचार फार लवकर आणि फार गंभीरपणे केला होता. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेविषयी समिती नेमली गेली. महाडजवळच्या नात्यात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेले आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निषेधार्थ अर्थमंत्रिपदाचा त्याग केलेले हे पुरुष भावनेच्या भरात शिफारस करणारे नव्हते. तरीही त्यांच्या समितीने महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी असे सुचविले. खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणी पुढे करून ही शिफारस बाजूला ठेवण्यात आली. पुढील वर्षी शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयिदैन यांनी अनेक देशांतील पद्धती अभ्यासून स्वेच्छेचा मार्ग सुचविला, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर समाजसेवेचा पुरस्कार केला, आणि अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या हस्ते ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षभराची सेवा दोन वर्षांत २४० तासांवर आणि एका निवासी शिबिरावर आली.

या योजनेने लाखो विद्यार्थ्यांना हातात कुदळ धरावयास लावली, याबद्दल कृतज्ञ असावे. परंतु दत्तक गावातील हिवाळी शिबिर जवळून पाहिले, म्हणजे तिची मर्यादाही डोळ्यांत भरते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम पडतो, पहाटे प्रभातफेरी निघते, सकाळी श्रमदानात ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा रचला जातो, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. सातव्या दिवशी सरपंचांच्या हस्ते समारोप. गोण्यांच्या त्या बंधाऱ्यामागे पाणी खरोखरच साठते, आसपासच्या विहिरींना त्याचा आधारही मिळतो. पण तो बंधारा हंगामापुरता असतो, पुढल्या पावसाळ्यात वाहून जातो, आणि पुन्हा रचावा लागतो. गावातील तरुण मंडळाने तो रचण्याची जबाबदारी अंगावर घेतली असेल, तर शिबिर सार्थकी लागले. कार्यक्रमाधिकाऱ्याची बदली होऊन महाविद्यालयाने दुसरे गाव दत्तक घेतले आणि मागे कोणी वाली उरला नाही, तर वहीत नोंदलेल्या तासांपलीकडे काही शिल्लक राहत नाही. बाबा आमटे यांनी १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे भरविलेल्या श्रमसंस्कार छावणीची गोष्ट म्हणूनच वेगळी आहे. तेथे यजमान स्थिर होता: कुष्ठमुक्त शेतकऱ्यांनी स्वतःच्या घामाने जंगलातून काढलेली शेती उभी होती, आणि छावणीत आलेला पुण्यामुंबईचा तरुण त्या चालू कामात आठवडाभर हातभार लावून, दिल्यापेक्षा अधिक घेऊन परतत असे. त्यांतील काही जण पुढे हेमलकशासारख्या ठिकाणी कायमचे राहिले.

आता या प्रश्नाच्या सर्वांत समृद्ध भागाकडे वळतो. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम आरंभिले, तेव्हा खेड्यांत बाहेरून आलेल्या परिचारिका ठेवाव्यात अशी त्यांचीही योजना होती. तरुण परिचारिका परक्या गावात एकट्या राहण्यास बिचकत, आणि गावकरी त्यांच्याशी मन मोकळे करीत नसत. तेव्हा आरोळ्यांनी गावातीलच स्त्रिया निवडल्या; त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, काही दलित, काही परित्यक्ता. त्यांनी बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग यांविषयी इतके नेमके ज्ञान मिळविले आणि वापरले, की साऱ्या जगातून विद्यार्थी जामखेडला शिकावयास येऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तोच विचार शास्त्राच्या कसोटीवर उतरविला. गावातील आरोग्यदूत बाई प्रसूतीच्या वेळी घरी हजर राहते, बाळ रडले नाही तर त्याला श्वास देते, काट्याला झोळी अडकवून वजन घेते, उबेसाठी गुंडाळते, छाती किती वेगाने वरखाली होते ते मोजते, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच मोजून दिलेले प्रतिजैविक टोचते. गावात डॉक्टर नाही, रात्र आहे, आणि निर्णय तिलाच घ्यावयाचा आहे. ३९ गावांतील या कामाचा वृत्तांत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी पडताळता नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. बाहेरून आलेला सुशिक्षित येथेही आहे: त्याने प्रशिक्षण दिले, नोंदी तपासल्या, चुका दुरुस्त केल्या. पण सेवेचा भार ज्या खांद्यावर ठेवला तो खांदा गावाचा होता, आणि म्हणून मुदत संपण्याचा प्रश्नच उरला नाही.

या यशातून शासनाने घेतलेला बोध मात्र अपुरा आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या आणि २०११ पासून नवजात बाळांच्या गृहभेटीही त्यांच्याकडे आल्या. परंतु सरकारदरबारी त्या स्वयंसेविकाच राहिल्या, आणि कामागणिक मोबदल्यावर, नोकरीच्या हक्कांवाचून, लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत वाढत्या कामाचे ओझे वाहू लागल्या. महाराष्ट्रात २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांना संपावर उतरावे लागले, ते याच अन्यायामुळे. जे काम वर्षानुवर्षे, दररोज, वरिष्ठांच्या हुकमाखाली आणि हजेरीच्या नोंदीसह करवून घेतले जाते, त्याला वेतन द्यावे लागते. सेवावृत्तीचा गौरव करून मेहनताना बुडविणे हा राज्यसंस्थेला न शोभणारा व्यवहार आहे, आणि त्याने सेवेची कल्पनाच लोकांच्या मनातून उतरते.

गेल्या दोन दशकांत मुदतबंद सेवेची नवी रूपे आली. २००६ मध्ये बंग दांपत्याने आरंभिलेल्या ‘निर्माण’मध्ये तरुणांना आधी आपल्या जीवनहेतूचा आणि समाजाच्या प्रश्नांचा शोध घ्यावयास लावतात आणि मग कामाशी जोडून देतात; २००९ पासून ‘टीच फॉर इंडिया’चे पदवीधर मुंबई-पुण्यातील गरीब वस्त्यांतील शाळांत दोन वर्षे शिकवीत आहेत; केंद्राने नक्षलग्रस्त जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या साहाय्याला तरुण फेलो पाठविले. या सर्व उपक्रमांतून आलेल्या तरुणांची कळकळ निःसंशय आहे. दोन वर्षे ही मुदत कामाची नाडी सापडण्यास पुरेशी आहे, पण एकट्याने काही रुजविण्यास अपुरी आहे; म्हणून वर्गातील कायम शिक्षक, ग्रामपंचायतीचा सेवक अथवा बचत गटाची चालिका यांपैकी कोणीतरी पहिल्या दिवसापासून अशा तरुणाच्या जोडीला असणे, हे अशा नेमणुकीचे मर्म मानले पाहिजे.

व्हर्दूनपासून गडचिरोलीपर्यंतच्या या सगळ्या अनुभवाचा निष्कर्ष काढावयाचा, तर असा काढता येईल. मागणी गावाने किंवा स्थानिक संस्थेने लेखी करावी, कामाचा तपशील तिनेच ठरवावा, आणि पाठविलेला माणूस परत करण्याचा हक्क तिला असावा. मुदत वर्षापेक्षा कमी नसावी, आणि बोलीभाषा हा प्रशिक्षणाचा पहिला विषय असावा. गडचिरोलीत जाणाऱ्याला माडिया अथवा गोंडी आणि नंदुरबारला जाणाऱ्याला पावरी वा भिली येत नसेल, तर प्रमाण मराठीही तेथे परकीच ठरते. कायम पदाच्या जागी स्वयंसेवक बसवू नये. आणि प्रत्येक नेमणुकीचा अहवाल, ती संपल्यानंतर दोन वर्षांनी, स्वयंसेवकाने न लिहिता गावाने लिहावा, व पुढील अनुदान त्यावर अवलंबून ठेवावे. या अटी कठीण नाहीत. त्यांना पैशापेक्षा विनयाची गरज अधिक आहे.

देशमुख समितीची शिफारस आज जशीच्या तशी उचलावी असे मला वाटत नाही. सक्तीने पाठविलेल्या कोट्यवधी मुलांना सांभाळण्याचेच काम खेड्यांवर पडेल. परंतु पदवी आणि नोकरी यांच्या मध्ये एक वर्ष, स्वेच्छेने, निर्वाहापुरत्या मानधनावर, मागणी केलेल्या गावी घालविण्याची संधी प्रत्येक तरुणाला असावी, आणि त्या वर्षाला पुढील शिक्षणात व सरकारी भरतीत मान्यता मिळावी, एवढी व्यवस्था हे राज्य निश्चित करू शकेल. वैद्यकीय पदवीधरांवर ग्रामीण सेवेचे बंधपत्र आपण लादले आहेच, आणि पैसे भरून ते चुकविणारेही आहेत. स्वेच्छेचा मार्ग प्रतिष्ठित झाला तर सक्तीची गरज उत्तरोत्तर घटेल. गोखल्यांनी आयुष्य मागितले होते, देशमुखांनी वर्ष मागितले, आपण २४० तासांवर आलो. हा उतार थांबवून पुन्हा वर्षाची मागणी करण्याचे धैर्य विद्यापीठांनी दाखवावे, आणि ते वर्ष कसे खर्चावे हे ठरविण्याचा अधिकार खेड्यांच्या हाती द्यावा. दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच या योजनांनी देश घडेल.